विरजणाच्या खोलीतला आळ

कारखान्यात तिला सगळे विरजणबाई म्हणायचे, आणि ते तिला मनापासून आवडायचं. तिथे दही आणि चीज बनायचं. ज्या बंद खोलीत त्याचं विरजण जोपासायचे, त्या खोलीत तिची सव्वीस वर्षं गेली. काचेच्या बाटल्या, थंड कपाट, आणि रोज सकाळी नव्या दुधात जुन्या विरजणाचे दोन थेंब. विरजण म्हणजे जिवंत जिवाणू. त्यांना ती ‘आमची मंडळी’ म्हणे, आणि मंडळींच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नसे. खुद्द मॅनेजर आत आला तरी आधी हात धुवायला लावी, आणि नीट धुतले नाहीत तर पुन्हा.

खाली निवळीच्या टाकीवर, म्हणजे चीजमधून निथळणारं पाणी जिथे साठतं तिथे, तिचा धाकटा दीर होता. ती लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा, आई नसलेला, सतत नाक वाहणारा. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, पाढे शिकवले, पुढे याच कारखान्यात चिकटवलं. दोघांचं गूळपीठ असं, की नवरा चेष्टेने म्हणायचा, "या घरात पाहुणा तो मीच."

चार वर्षांपूर्वी एका सकाळी दोन मोठ्या टाक्यांमधलं दही लागलंच नाही. दुपार झाली तरी दूध आपलं दुधासारखं. जिवाणूंना मारणारा विषाणू विरजणात शिरला होता. तसले विषाणू निवळीत नेहमीच असतात, पण तिच्या मंडळींचं त्यांनी कधी काही वाकडं केलं नव्हतं. मॅनेजरने विचारलं, "आत कोण आलं होतं?" खोलीच्या दाराशी निवळीत भिजलेल्या बुटाचा एक वाळका ठसा होता. माझ्या विरजणात खोट असूच शकत नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात. ती म्हणाली, "असले बूट माझा दीर घालतो."

"वहिनी, मी काल दुपारी फक्त दारापर्यंत आलो होतो," तो म्हणाला. "तू दिसली नाहीस म्हणून फिरलो. तूच सांग ना त्यांना."

तिने बाटल्या पुसणं थांबवलं नाही. आठ दिवसांत त्याला काढून टाकलं. नवरा मधे पडला तर त्याच्याशीही तिने दोन महिने अबोला धरला. दीर बायको-मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि येणंजाणं तुटलं.

गेल्या महिन्यात संशोधन संस्थेतली एक मुलगी आली. ठिकठिकाणच्या डेअऱ्यांमधले विषाणू एकमेकांपासून इतके वेगळे का असतात, हे ती शोधत होती. विरजणबाईच्या कपाटात वर्षानुवर्षांचे नमुने तारीखवार ठेवलेले पाहून ती हरखूनच गेली. ते नेले, आणि कागदांची चळत घेऊन परत आली.

"मावशी, हे विषाणू ठिगळांचे बनलेले असतात. एकाच जिवाणूत दोघे भेटले की जनुकांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. याचं डोकं, त्याची शेपटी. म्हणून दोन विषाणू हुबेहूब सारखे सहसा सापडत नाहीत."

"आणि आमचा?"

"तुमचा जुनाच. चौदा वर्षांपासून याच खोलीतल्या नमुन्यांत आहे, अगदी थोडा. जिवाणूत शिरायचा आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचा. पण तुमच्या जिवाणूंच्या जनुकांतच दुसरा एक विषाणू झोपून होता, पिढ्यान्‌पिढ्या. जुन्याने एकदा त्याचा तुकडा उचलला, आणि मग त्याला कुणी अडवू शकलं नाही. तुमचं दही लागलं नाही त्या दिवशी बाहेरून कुणी काही आणायची गरजच नव्हती."

मुलगी उत्साहाने सांगत होती. तिला बिचारीला काय ठाऊक? विरजणबाईने मात्र ते कागद तिच्याकडून मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी कागद पिशवीत घालून ती दिराच्या घरी गेली.

"या वहिनी. बसा," तो म्हणाला. जन्मभर तिला अगंतुगं करणारा हा पोरगा. केस पार पिकले होते त्याचे. चहाला आधण ठेवलं होतं, दुधाचं पातेलं त्याच्या हाताशी होतं, तरी ओतायला त्याने बायकोला हाक मारली.

"ते दुधाला हात लावत नाहीत," जाऊ हळूच म्हणाली. "लेकीच्या पेल्यातसुद्धा ओतत नाहीत."

विरजणबाईने कागद पसरले आणि सगळं सांगितलं, दोनदा. "तू काही केलं नव्हतंस. खोट माझ्याच विरजणात होती. खापर तुझ्यावर फोडलं मी. चुकले रे." तिला रडू आवरत नव्हतं, आणि तिने ते आवरलंही नाही.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग कागद गोळा करून, कडा जुळवून तिच्या हातात दिले.

"कागदातलं मला काही कळत नाही, वहिनी. पण तेव्हा तुम्ही उगाच कशाला माझं नाव घ्याल? पहिलं वर्षभर मी रोज आठवत बसायचो, दारातूनच फिरलो की आत गेलो. मग आठवलं. आलो होतो मी आत. दोन पावलं. बाटल्यासुद्धा दिसतात मला."

"नव्हता आलास," ती म्हणाली. "मी जेवायला गेले होते. खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला होती. मला तेव्हाच माहीत होतं."

हे तिने चार वर्षांत कुणाजवळ काढलं नव्हतं, नवऱ्याजवळसुद्धा नाही. जाऊ चहाची गाळणी हातात धरून तशीच उभी राहिली.

तो पुढे सरकला आणि लहान मुलाची समजूत घालावी तसा म्हणाला, "नाही वहिनी. कुलूप उघडं होतं. तुम्हाला आठवत नसेल."