कद्दिशला कमी पडलेला माणूस

बाबांना जाऊन वर्ष झालं, तो दिवस नेमका शब्बाथचा, म्हणजे शनिवारचा आला. मला बरंच वाटलं. शनिवारी सकाळी पनवेलच्या आमच्या सिनेगॉगमध्ये थोडीफार माणसं आपसूक जमतात, आणि मृताच्या नावाने कद्दिश ही प्रार्थना म्हणायची तर दहा ज्यू पुरुष हजर लागतात. नऊ असतील तर कद्दिश नाही. बायका कितीही असोत, त्यांना धरत नाहीत. मला भाऊ नाही, म्हणून बाबांसाठी कद्दिश म्हणणार होते मोठे काका. सिनेगॉगचा कारभारही तेच बघतात.

पूर्वी इथे दहा माणसं गोळा करणं ही काय मोठी गोष्ट होती! आता ज्याची त्याची मुलं इस्रायलला, नाहीतर ठाण्याला. त्या दिवशी नऊ झाले आणि गाडी अडली. काका सारखे दाराकडे बघत होते.

तेवढ्यात एक तरुण आत आला. उंच, रंगाने गर्द काळा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर प्रार्थनेची टोपी. चौकटीवरच्या मेझुझाला, धर्मवचनाच्या त्या छोट्या डबीला, त्याने बोटं लावली आणि ती ओठांना टेकवली, स्वतःच्या घरात शिरावं तसं. बायकांच्या बाकावरून मी बघत होते. सुटलो, म्हटलं मनात.

काका पुढे झाले. हिंदीत विचारपूस सुरू झाली. तो युगांडाचा, इथे फार्मसी शिकतो, विचुंब्याला भाड्याने राहतो.

"तुम्हारे यहाँ ज्यू कब से?"

"पणजोबांपासून," त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं. मग आईकडचे कोण, तिच्या आईकडचे कोण, आईबापांचं लग्न कोणी लावलं. तो प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होता. शेवटी काका म्हणाले, "बैठो, बैठो," आणि त्याला शेवटचा बाक दाखवला. मग आमच्याकडे वळून मराठीत, "मूळचे नाहीत हे. चौकशी केल्याशिवाय कसं धरायचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मूळचे! आमचं मूळ काय, तर नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं एक जहाज, त्यातून वाचले ते आमचे पूर्वज. त्याचा कागद आहे कोणाकडे? आणि ही चौकशी काकांना काही नवीन नाही. माझी आत्या, त्यांची सख्खी बहीण, इस्रायलला गेली तेव्हा तिथल्या रब्बींनी, धर्मगुरूंनी, तिचं लग्न असंच अडवून धरलं होतं. आजी कोण, पणजी कोण, भारतातले तुम्ही खरे ज्यू कशावरून? काका ही गोष्ट दर सणाला सांगतात, अजून तितक्याच चिडीने. मागच्या थंडीत एक गोरा पर्यटक गळ्यात कॅमेरा अडकवून आला होता. त्याला नाव विचारायच्या आधी दहात धरलं, वर तोराचं, आमच्या धर्मग्रंथाचं, कपाट उघडायचा मानही त्यालाच दिला.

हे सगळं मला तिथे बसल्या बसल्या आठवत होतं. बोलले मात्र नाही. कद्दिश माझ्या बाबांचा, म्हणणारे काका. ते रुसून बसले तर आजचा दिवस वाया जाईल, असा विचार केला आणि पदर सारखा करून गप्प राहिले.

मग काकांनी खिशातून फोन काढला. सिनेगॉगमध्ये, शब्बाथला, जेव्हा काम, फोन, वाहन सगळंच वर्ज्य! शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणायचे, ते आम्ही. काकांनी जवळच्या कोन गावात राहणाऱ्या आपल्या चुलतभावाला बोलावलं. त्याच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. "अरे, रिक्षा कर आणि ये. काळा गॉगल असू दे, कोण बघतंय!" कोणी हूं का चूं केलं नाही. एका काळ्या माणसाला मोजावं लागू नये म्हणून आम्ही शब्बाथ मोडला. तो शेवटच्या बाकावर प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसला होता. त्याला मराठी कळत नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. पण काका बोटाने पुन्हा पुन्हा माणसं मोजत होते, ते तर त्याला दिसत होतं.

चुलतभाऊ आला, कोणीतरी हाताला धरून त्याला बसवलं, आणि कद्दिश झाला. प्रत्येक "आमेन" सगळ्यात स्पष्ट मागून ऐकू येत होतं. माझ्या बाबांसाठी. लाजेने मला मान वर करवेना.

प्रार्थना संपली की आमच्यात हातबोशी असते. समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे आणि आपली बोटं ओठांना लावायची. मग त्याने पुढच्याचे हात घ्यायचे. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होते आणि सगळ्या मंडळींत ती फिरते, कोणी सुटत नाही. त्या दिवशी ती पुरुषांच्या बाकांवरून मागे मागे आली आणि शेवटचा बाक सोडून बायकांकडे वळली. काकूने माझे हात घेतले. तिचे हात सुटले तशी मी उठले आणि सरळ मागे चालू लागले.

"अगं, तिकडे कुठे?" काकांनी हाक मारली.

"आत्यालाही अशीच वंशावळ विचारली होती, काका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. काका खाली बघत पुस्तकं गोळा करू लागले.

शेवटच्या बाकापाशी जाऊन मी दोन्ही हात पुढे केले. तो पटकन उठून उभा राहिला. माझ्या हातांकडे त्याने एकदा पाहिलं, मग एक पाऊल मागे सरकला आणि छातीशी हात जोडले.

"शब्बाथ शालोम, आंटी," तो हसून म्हणाला.

माझे हात तसेच पुढे राहिले. आपल्याला हात लावायची पाळी कोणावर येऊ नये म्हणून काय करायचं, ते तो पनवेलमध्ये राहून शिकला होता.