मशीनपाशी कोण थांबणार?

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

चांदवडकडच्या आमच्या खेड्यात आई दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कांदे काढायची आणि अंधार पडता पडता विहिरीवर धुणं धुवायची. माझा कॉलेजचा ड्रेस एकच, पण रोज धुतलेला. "तू पुस्तक धर, धुण्याचं मी बघते," म्हणायची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. अभिमान आहे मला, का लपवू? पण त्या अभ्यासाचा वेळ आला कुठून — हे विसरायला मला फार दिवस लागले नाहीत.

नोकरी लागली, नाशिक रोडला फ्लॅट झाला, आईला आणलं. वॉशिंग मशीन घेतलं आणि तोऱ्यात म्हणाले, "आई, आता तू नुसती बस."

नुसती बस! सेमी ऑटोमॅटिक ते. नळाला पाइप लावा, पाणी भरा, कॉलरी आधी हाताने घासा, कपडे उचलून पिळायच्या टबात टाका. ते धाडधाड उड्या मारायला लागलं की झाकण उघडून कपडे सारखे करा. वर मशीन आहे म्हणून धुणंही वाढलं — एकदा अंग पुसलेला टॉवेलसुद्धा पोरं त्यात कोंबतात. वेळ वाचतो म्हणे! कुणाचा? माझा. मी नऊला ऑफिसला निघायचे. पाणी यायचं दहाला. मशीनपाशी आई.

अशात तिला भाजीवालीकडून कळलं, की कॉलनीच्या हॉलमध्ये बायकांना लिहा-वाचायला शिकवतात. रोज दहा ते अकरा. संध्याकाळी पदराशी चाळा करत म्हणाली, "जाऊ का गं? गाडीची पाटी तरी वाचता यील. दर टायमाला कुणाला तरी इचारावं लागतं."

आणि माझ्या डोक्यात पहिलं काय यावं? मग मशीनपाशी कोण थांबणार? — शिकल्यासवरल्या बाईच्या डोक्यात हे!

"चौकशी करते," म्हणाले. केली नाही. दुसऱ्या दिवशी चपला काढता काढता सांगून टाकलं — वर्ग बंद पडला. "बरं," एवढंच म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली.

वर्ग चालू होता. हॉलच्या दारावर तशी मोठी पाटी होती. आई रोज संध्याकाळी भाजीला तिच्यासमोरूनच जायची. तिला ती वाचता येत नव्हती — हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर मी खोटं बोलले.

दोन वर्षांनी वर्ग घेणाऱ्या शिंदेकाकू आम्हा दोघींना जिन्यात भेटल्या. "काय हो मावशी, सगळी कॉलनी शिकून गेली, तुम्ही कधी फिरकलाच नाहीत!"

आई हसली. "येळच नाय ना मला. आमच्याकडं मशीन हाय!"

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. कधी कळलं होतं तिला? मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

पुढच्याच सोमवारी दहाला ती पदर खोचून वर्गाला गेली. नळाला पाणी आलं आणि गेलं. त्या दिवसापासून धुणं मी रात्री, भरून ठेवलेल्या पाण्यात धुते.

गेल्या रविवारी तिला स्टँडवर सोडायला गेले होते. ती माझ्यापुढे चालत होती. एका गाडीसमोर थांबली, पाटीवर बोट फिरवल्यासारखं करून एकेक अक्षर पुटपुटली — चां-द-व-ड — आणि कुणालाही न विचारता चढली.