एकाच पायाच्या चार फायली

भंडाऱ्याच्या एका रुग्णालयात मी रेकॉर्ड रूममध्ये बसते. डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलेल्या निदानाचा ठरलेला कोड शोधायचा आणि संगणकात भरायचा, हे माझं काम. गजकर्णाचा कोड वेगळा, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांचा वेगळा. निदान नेमकं नसेल तर ‘अनिर्दिष्ट’ असा एक कोड असतोच. घाईत सगळे तोच टाकतात. सुरुवातीला मीही टाकायची.

त्या दिवशी नाकाडोंगरीकडच्या एका बाईंची फाइल आली. वय पन्नाशीचं, जंगलात मोहफुलं आणि तेंदूपानं वेचण्याचं काम. निदान होतं उजव्या पायाच्या कातडीखालची सूज. दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी मिळणार होती. नोंदणी क्रमांक टाकला तर आधीच्या तीन भरती निघाल्या. एकदा गळू, एकदा जखम, एकदा नुसतीच सूज. दोन वर्षं, चार निदानं, पाय मात्र तोच. आणि त्या नुसत्या सुजेला ‘अनिर्दिष्ट’ टाकणारी मीच होते.

मग मी चारही फायलींमधल्या नर्सच्या नोंदी काढून बसले. शेवटच्या फायलीत ड्रेसिंगच्या पानावर एक ओळ सापडली: जखमेतून काळे कण आले. माझ्या कोडच्या पुस्तकात, बुरशीच्या रोगांत, मायसेटोमा नावाचा एक रोग होता. प्रशिक्षणात मॅडमनी समजावलं होतं: काट्यावाटे बुरशी आत शिरते, पाय वर्षानुवर्षं फुगत राहतो, आणि त्यातून दाणे पडतात.

मी वॉर्डात गेले.

“मावशी, हे काळं काळं कधीपासून येते?”

“लय दिवस झाले, बाई. तिळावानी बारीक. मोहं वेचाले गेली तवा काटा रुतला होता. पयले बी सांगतलं म्या, पण कोनी लिवलंच नाही. दुखत नाही ना, म्हणून.”

परत आले तर आमच्या रेकॉर्ड रूमचे साहेब वाट पाहत होते. “काहून डोकं खपवून राहिली? सूज लिहिली आहे, सुजेचा कोड टाक.”

“नाही टाकत, सर. एक तास द्या.”

सर्जन ओपीडीत होते. मी दाराशी उभी राहिले, आत गेले आणि चारही फायली त्यांच्यापुढे उघडून ठेवल्या. त्यांनी वर न पाहताच म्हटलं, “तुम्ही कोड टाका. निदान आम्ही करतो.”

“निदान तुम्हीच करा, सर. तेवढ्यासाठीच आले.” नर्सची ती ओळ त्यांना बोटानं दाखवली.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग खुर्ची मागे सारून सरळ वॉर्डात गेले आणि स्वतः पट्टी सोडली. सुट्टी रद्द झाली. पायातला एक तुकडा तपासणीसाठी नागपूरला गेला. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले, आणि तोवर मी ती नोंद बंद केली नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा मी नाहीच म्हटलं.

रिपोर्टमध्ये बुरशी निघाली. सर्जननी केस पेपरवर रोगाचं नाव लिहिलं, आणि मी कोड भरला: बी सत्तेचाळीस पॉइंट शून्य.

पाय वाचला, पण ऑपरेशनमध्ये एक बोट गेलं. गोळ्या वर्षभर घ्यायच्या होत्या. मावशी दर महिन्याला रक्त तपासायला एसटीनं यायच्या. एकदा बाकावर शेजारी बसून म्हणाल्या, “आधीच कोनी पाह्यलं असतं तं बोट राहिलं असतं माह्यं.”

मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांच्या आधीच्या फायलींतली एक माझ्या हातून गेली होती, आणि मी ती न वाचता पुढे सरकवली होती.

त्यांनी गोळ्यांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, “सांगतलं, बरं केलं.” एवढंच. रागावल्या की नाही, ते मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या तेंदूच्या हंगामात त्या पुन्हा जंगलात गेल्या. डॉक्टरांनी घ्यायला लावलेले रबरी बूट घालून.

“उन्हात पाय शिजते, बाई,” त्या म्हणाल्या, “पण घालतो.”