आत बसून खायचं

वाशीमच्या स्टेशनावर छोटी गाडी लागली तेव्हा माय रडत होती आणि बाबा भांडत होते. भांडण माझ्याशीच चाललं होतं. मुंबईच्या टेलिफोन ऑफिसात मला ऑपरेटरची नोकरी लागली होती. रिसोडकडच्या आमच्या खेड्यातून नोकरीसाठी एकटी निघालेली मी पहिलीच मुलगी. अशा वेळी बाप काहीतरी मायेचं बोलतो. माझ्या बापाला सुचलं ते असं: "हाटेलात पाय ठेवू नको. उपाशी राह्यली तरी चालंन, पन थ्या लोकाईच्या दारात उभी राहू नको."

"मंग खाऊ काय तिथं?"

"रांधून खाय. हात नाईत का तुले?"

गाडी हलली तरी ते खिडकीबरोबर चालत हेच सांगत होते. मांडीवर मायनं बांधून दिलेल्या भाकरी आणि जवसाची चटणी होती. अकोल्याला मोठ्या गाडीत बसेपर्यंत मी त्या गाठोड्याला हात लावला नाही, इतका बाबांचा राग आला होता.

बाबांचं हॉटेलशी वैर का, हे गावाकडच्यांना सांगायला नको, पण इथल्यांना सांगते. बाजाराच्या गावी स्टँडजवळ एक हॉटेल होतं. आत बाकडी होती. आमच्या लोकांसाठी बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा आणि त्यात दोन-चार कपबश्या. आपला कप आपण काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा. उभ्यानं प्यायचा, रांजणातल्या पाण्यानं कप आपणच धुवायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. बाबांनी तरुणपणी हे सगळं केलं. मग नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्या दिवसापासून हॉटेलचा चहा बंद. "जिथं आपला कप येगळा, तिथला च्या इख हाय," म्हणायचे. बाजाराच्या दिवशी डोकं दुखून फुटायची वेळ आली तरी घरी येईपर्यंत चहा घेत नसत. माझा मामा मात्र चहाचा भारी शौकीन. त्याच्याबरोबर बाजाराला गेले की मीही प्यायचे आणि कप धुऊन ठेवायचे. हाताला ती सवय लागली, आणि सवयीला कुठं कळतं की आपण गाव सोडलं.

मुंबईत बायकांच्या हॉस्टेलमध्ये कॉट मिळाली. मेसची आमटी इतकी पातळ की वाटीचा तळ दिसायचा. माझी रूममेट फिलू, गोव्याकडची, माझ्याच बोर्डावर ड्यूटीला. एक दिवस शिफ्ट सुटल्यावर ती म्हणाली, चल, काहीतरी खाऊ. बाबांचं बोलणं कानात होतं, पण पोटात आग होती. गेले. ऑफिसजवळच्या इराण्याकडे ब्रून-मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा घेतला. संगमरवरी टेबल, गोल पाठीच्या खुर्च्या. चहा संपला तशी मी उठले, कपबशी उचलली आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन स्वच्छ धुतली. पदराला पुसली. मग ती पालथी कुठं घालायची ते शोधत दाराकडे निघाले.

"अरे बाई, कप किधर ले के जाती?" गल्ल्यावरचा म्हातारा ओरडला.

"धोया," मी म्हणाले. "रखने का किधर?"

"तुम धोएगी तो मेरा आदमी क्या करेगा?"

अख्खं हॉटेल हसलं. फिलूही हसली. रस्त्यात तिला कोनाड्याची गोष्ट सांगितली, तेव्हा तिचं हसू विरलं आणि तिनं माझा दंड घट्ट धरला. मला रडू आलं नाही. संताप आला. म्हाताऱ्याचा नाही, त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? माझ्या स्वतःच्या हातांचा आला. त्याच फुटपाथवर ठरवलं की या शहरात जिथं म्हणून अन्न शिजवून विकलं जातं, तिथं तिथं आत जाऊन बसायचं, खायचं आणि उष्टं ताट टेबलावर तसंच टाकून उठायचं.

आणि तसंच केलं. कोणी म्हणेल, पगार झाला की हॉटेलं पालथी घालणारी ही उधळी बाई. म्हणू दे.

मागे राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्याच ट्रंक घेऊन इथं उतरलेल्यांनो, खायला कुठं जायचं ते मला विचारा. इराण्याकडे सकाळी जा, पाव ताजा असतो. एकट्या बाईला तो फॅमिली रूम दाखवेल, म्हणजे लाकडी फळ्यांचा खुराडा आणि वर पडदा. त्यात बसू नका. मी दारातल्या टेबलावर बसायचे आणि रस्त्यावरची माणसं बघत खायचे. भेंडीबाजारात रात्रभर शिजलेल्या मांसाची निहारी खायची ती सकाळीच, नऊ वाजता पातेलं रिकामं होतं. पहिल्या दिवशी तिथं मी एकटीच बाई होते, पण वाढणाऱ्या चाचांनी "बैठो बेटी" म्हणून टेबल पुसलं आणि मगजाची नळी माझ्याच वाटीत घातली. काळबादेवीला गुजराती थाळी. तिथं जेवण गोड लागतं, डाळसुद्धा, पण वाढणारे इतका आग्रह करतात की आपल्या लग्नातही कोणी केला नसेल. फोर्टात चिन्यांच्या हॉटेलात नूडल्स मागवल्या आणि त्या काड्या काही मला जमल्या नाहीत. सरळ हातानं खाल्ल्या. शेजारच्या टेबलावरचा टायवाला बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिले. त्यानंच आधी मान वळवली.

आणि गिरगावात एक खानावळ आहे. घरगुती, पाटी मराठी, तूप-मेतकूट सगळं नीट. मालकीणबाईंनी पान वाढण्याआधी गोड आवाजात विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मी काहीच म्हणाले नव्हते. आता म्हणाले, आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. बाईंनी पानाकडे नेलेला हात मागे घेतला. मी विचारलं, "आडनावाप्रमाणं आमटी वेगळी असते का?" त्यांनी पान वाढलं. आमटी बरी होती. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, आणि त्याच्याही पुढच्या. त्यांना सवय होईस्तोवर गेले. तुम्हीही जा, मुद्दाम जा.

रजेवर घरी गेले तेव्हा हे सगळं हौसेनं सांगितलं. माय डोळे मोठे करून ऐकत होती. बाबा ताटावरून उठले. "मी सोडलेला घास तू खाऊन राह्यली," एवढंच बोलले. ते वाक्य मला फार लागलं. त्यांनी मानासाठी सोडलं होतं, मी मानासाठीच खात होते, आणि हे त्यांना काही केल्या समजावता येईना. तेव्हापासून माझी एकच इच्छा उरली, बाबांना एकदा या शहरात आत नेऊन बसवायची.

कापूस निघाल्यावर ते मला बघायला मुंबईला आले. उतरले गावाकडच्या एका नातलगाच्या खोलीवर. सकाळी मी त्यांना दादरच्या एका उडप्याकडे घेऊन गेले. ते फुटपाथवरच थांबले.

"तू खाऊन ये. मी हाय इथं."

"मंग मीबी नाई खात."

"नको खाऊ."

बापलेक दोघंही तापलेले. शेवटी मी म्हणाले, "बाबा, इथं कोनी कोनाले इचारत नाई. आपला कप येगळा नाई इथं."

"तुले काय माईत? थे लोकं कप कुठी धुतात, तुनं पाह्यलं का?"

एवढी हॉटेलं पालथी घातली, पण मोरी कधी पाहिली नव्हती. बाबांनी धोतर सावरलं आणि हॉटेलाला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरले. कोनाडा बाहेरच्या भिंतीलाच असतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी दारात उभी. खूप वेळ झाला. त्यांना कोणी हटकलं असेल, चोर समजून धरलं असेल, असे नाही नाही ते विचार येऊ लागले. तेवढ्यात ते आले, पायताण ओलं झालेलं.

"सारे कप एकाच टाक्यात बुचकळतात," ते म्हणाले. "लई येळ पाह्यलं. कोनता कप कोनाचा, थ्या धुनाऱ्यालेबी ठाऊक नाई. चाल."

आणि माझ्या पुढे होऊन आत गेले. मधलं टेबल धरलं. टोपी काढून मांडीवर ठेवली, पाठ ताठ. मी इडली-सांबार सांगितलं. वेटरनं आणून आदळलं. बाबांनी वाटीत बोट बुडवलं.

"थंडं हाय."

"चालते बाबा, खा." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं.

"काहून चालते?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला चमचा खाली ठेवला. मग मान वळवून त्यांनी हाक दिली, "ओ भाऊ! हे थंडं हाय. गरम आना."

निहारीपासून नूडल्सपर्यंत सगळं खाल्लं होतं मी, आडनाव ओरडून सांगितलं होतं, पण पुढ्यात आलेलं अन्न परत पाठवायचं कधी सुचलंच नव्हतं. आत बसायला मिळालं यातच मी इतकी खूश होते. बाबा आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात बसले आणि त्यांनी वाटी पुढे सरकवली. असं ते फक्त घरी करायचे. भाकर करपली तर म्हणायचे, "करपली व," आणि माय दुसरी टाकायची.

वेटर वाटी घेऊन गेला. वाफाळतं सांबार घेऊन आला. "सॉरी," म्हणाला.

बाबांनी फुंकर घातली, भुरका मारला. "आता बरं हाय," म्हणाले, आणि आणखी एक वाटी मागितली.

मला अजून लोक विचारतात, बाई, तुमचं घर कोणतं, तिकडचं की इथलं? ज्या शहरात माझ्या बापानं थंड सांबार परत पाठवलं, ते शहर माझं आहे. कोणाला यावर काही म्हणायचं असेल तर त्यानं समोर येऊन म्हणावं. मी मधल्या टेबलावर बसलेली असते.