व्यत्ययाचं फूल

टीव्हीवरचा कार्यक्रम मध्येच बंद पडला की अख्खा जिल्हा शिव्या घालायचा. आनंद व्हायचा तो दोघांनाच: नागपुरात चंद्रभानला, आणि कुहीजवळच्या खेड्यात त्याच्या बायकोला, रुखमाबाईला.

चंद्रभान मूळचा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. चौऱ्याऐंशी साली तो टीव्हीच्या स्टुडिओत लागला आणि काळ्या पुठ्ठ्यांवर पांढरी अक्षरं काढू लागला. संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम थेट जायचा. लाकडी घोडीवर पुठ्ठे रचलेले, समोर कॅमेरा, आणि चंद्रभान श्वास रोखून एकेक पुठ्ठा ओढून घेणार. पुठ्ठ्यांचं कपाट सगळ्यांचं होतं. म्हणजे काढायला सगळे आणि लावायला चंद्रभान. लोक पुठ्ठ्यावर डबा ठेवून जेवत. एका कापूसतज्ज्ञाच्या नावावरचा वरणाचा डाग साऱ्या विदर्भानं पाहिला होता.

फिल्म तुटली, आवाज गेला, की ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’. हे पुठ्ठे मात्र दोन होते. एकाच्या कोपऱ्यात जास्वंदीचं फूल, दुसऱ्याचा कोपरा रिकामा. फूल दिसलं तर चंद्रभान शनिवारी गावी येणार. नाही दिसलं तर ड्यूटी.

पत्र टाकता आलं असतं. पण रुखमाबाईला वाचता येत नसे. नानाजी मास्तर वाचणार, अर्धी आळी ऐकणार, आणि ‘शनिवारी येतो’ एवढ्यावरही मास्तर चष्म्यावरून गालात हसणार. त्यापेक्षा ग्रामपंचायतीतला टीव्ही बरा. कार्यक्रम आठवड्यातून दोनदा तरी बंद पडेच. लोक खवळत, आणि फूल दिसलं की रुखमाबाई पदर सावरून उठायची ती थेट त्याच्या आवडीच्या वडाभाताची डाळ भिजत घालायला. धानाची तीन एकरं सोडून ती नागपूरला येईना, पगार सोडून तो गावी जाईना. नागपुरात महाल भागातल्या खोलीत खाट, स्टोव्ह आणि तो. तिघंही फारसं बोलत नसत.

एका हिवाळ्यात निर्मात्या अरुंधतीबाई म्हणाल्या, “चंद्रभान, सोमवारपासून अक्षरं मशीनवर. तुमचं काम हलकं झालं.”

“अन् व्यत्यय, बाई?”

“तोही मशीनमध्येच.”

“फुलासकट?”

बाई हसल्या. “मशीनला फूल कुठून येणार हो?”

म्हणजे आजचा, शुक्रवारचा कार्यक्रम शेवटचा. शनिवारी घरी जाऊन ही नवी आफत रुखमाला समजावायची होती. ती घरी असायला हवी, आणि या आठवड्यात कार्यक्रम एकदाही बंद पडला नव्हता; म्हणून आज फूल दिसायलाच हवं. चंद्रभाननं पुठ्ठा हाताशी ठेवला आणि देवाला साकडं घातलं: पाच सेकंद पुरे, पण बंद पाड. देव नेमका त्या दिवशी कामावर होता. फिल्म तुटली नाही. आवाज गेला नाही. पाहुणासुद्धा वेळेत बोलायचा थांबला.

“काहून गा, तोंड पाडून बसला?” कॅमेरावाला नत्थू कुजबुजला. “आज एक घोटाळा नाही!”

“तेच तं.”

शेवटच्या ‘नमस्कार’च्या जागी फुलाचा पुठ्ठा सरकवायला त्याचा हात उचलला गेला. तसाच परत आला. दुसऱ्यांच्या चुकांची माफी त्यानं सुबक अक्षरात मागितली होती; आपण होऊन चूक करणं काही त्याला जमेना. त्यानं ‘नमस्कार’ लावला.

शनिवारी तो रद्दीत निघालेला फुलाचा पुठ्ठा काखेत मारून एसटीनं गावी पोचला. दाराला कुलूप.

शेजारच्या जिजाबाई बाहेर आल्या. “आता कसे आले, भाऊजी? रुखमा तं भिवापूरले गेली, बहिणीकडं, मिरच्या तोडाले. आठवडाभर फूल दिसलं नाही, म्हणे आता काही येत नाहीत.”

चंद्रभान गोरामोरा झाला. “फुलाचं तुमाले कोनं सांगितलं?”

“अख्ख्या गावाले ठाऊक हाये! फूल दिसलं की आमी म्हनतो, चला, रुखमाची डाळ भिजली. नानाजी मास्तर तं पैलेच उठून रस्ता देतात तिले.”

तो हसला. हसून झाल्यावर ओट्यावर बसला. जिजाबाईंनी आणून दिलेली भाकर गार होईपर्यंत त्याच्या हातात होती. रविवारी मशीन शिकायला हजर व्हायचं होतं; पाचची गाडी शेवटची.

निघताना त्यानं पुठ्ठा दाराला टेकवला, फूल फाटकाकडं करून. वाऱ्यानं पडू नये म्हणून खाली दोन दगड लावले.

“हे काय लावून चालले?” जिजाबाईंनी विचारलं.

“काई नाही. आली की समजंन तिले.”