कोऱ्या कागदावर सह्या करणारे भावोजी

आमच्या ताईच्या नवऱ्याने गेल्या वीस वर्षांत कागदावर एक सरळ रेघ ओढलेली मी पाहिलेली नाही. तरी ते आर्किटेक्ट. नुसते आर्किटेक्ट नव्हे, तर आर्किटेक्टांना परवाने देणाऱ्या विभागीय परिषदेच्या शिस्त समितीचे अध्यक्ष. कोणाचा परवाना ठेवायचा आणि कोणाचा काढायचा, हे ते ठरवणार! मी त्याच परिषदेत लिपिक, त्यामुळे हे ध्यान मला घरीही बघावं लागे आणि ऑफिसातही.

"सही म्हणजे आर्किटेक्टची अब्रू," असं ते दरवर्षी नव्या पोरापोरींना परवाने वाटताना सांगत आणि टाळ्यांसाठी थांबत. टाळ्या पडतही. घरी मात्र रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा यायचा. भावोजी उजव्या कोपऱ्यात सही करत, ताई शेजारी शिक्का मारी. पन्नास झाले की चहा. मग गावातले तीन-चार बिनपरवान्याचे ड्राफ्ट्समन आठवडाभर त्या कागदांवर घरं, दुकानं, माड्या, वाटेल ते काढत. आपल्या सहीच्या वर काय उभं राहिलं, हे भावोजींनी कधी पाहिलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"भावोजी, निदान नजर तरी टाका," मी एकदा म्हटलं.

"अगं, डॉक्टर काय प्रत्येक गोळी चाखून बघतो?"

ताई कौतुकाने हसली. मला त्या दोघांचीही शिसारी आली.

मग शिंपीकाका तक्रार घेऊन आले. खाली त्यांचं दुकान, वर बिऱ्हाड. जुना जिना पाडून त्यांनी मंजूर नकाशाबरहुकूम नवा बांधून घेतला होता. जिना कसला, भिंतीला पडलेली फट! आणि वरच्या मजल्यावर काकूंना अर्धांगाचा झटका आला. त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायला चौघे चढले, पण वळणावर खुर्ची फिरेना. शेवटी डॉक्टरांनाच वर यावं लागलं. आता रोज दवाखान्यात नेऊन पायाचा व्यायाम करून घ्यायला हवा होता, नाहीतर पाय कायमचा जायचा. काकू तीन महिने वरच पडून होत्या.

"बाई, तिला एकदा खाली आणायचंय, एवढंच," काका म्हणाले आणि नकाशा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. कोपऱ्यात भावोजींची सही होती.

आमच्याकडे एक नियम आहे. समितीपुढे नकाशा ठेवताना नावाचा कोपरा कागद चिकटवून झाकायचा. समितीने नाव न बघता निकाल लिहायचा, अध्यक्षांनी सही करायची, मगच कागद काढून निकालात नाव भरायचं. हा नियम भावोजींनीच आणलेला. त्याबद्दल त्यांनी स्वतःचा सत्कारही करवून घेतला होता. मी कोपरा झाकला. मधेच ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, हात थांबला. मग काकूंचा पाय आठवला आणि मी चारी कडा नीट दाबल्या.

समितीत तिघे. भावोजी, एक पेंगणारे प्राध्यापक आणि एक इंजिनीयरबाई. भावोजींनी नकाशा पाहिला आणि त्यांना चेव आला.

"हा जिना आहे की उंदराचं बीळ? या गाढवाला कोणी परवाना दिला? असल्या लोकांमुळेच आपल्या धंद्याला काळिमा लागतो!"

"ताकीद देऊ या का?" प्राध्यापक डोळे किलकिले करत म्हणाले.

"ताकीद? कायमचा रद्द!"

त्यांनी स्वतःच्या हाताने निकाल लिहिला, खाली झोकदार सही ठोकली. मी पुढे होऊन कोपऱ्यावरचा कागद काढला.

भावोजींनी वाकून तो कोपरा पाहिला. मग म्हणाले, "हे मी काढलेलंच नाही!"

"सही?" इंजिनीयरबाईंनी विचारलं.

"सही माझी आहे. नकाशा माझा नाही."

"म्हणजे कोऱ्या कागदावर केलीत?"

त्यांना कळलं, आपण काय बोलून बसलो ते. मग हा गृहस्थ काय म्हणाला असेल? माझ्याकडे वळून, दबक्या आवाजात, "अगं, तो कागद परत चिकटव ना. ताईचा तरी विचार कर."

मी निकालात नाव भरलं. नोंदणी क्रमांक विचारला, तर तो त्यांना पाठ नव्हता. इंजिनीयरबाईंनी नकाशावरच्या शिक्क्यावरून वाचून सांगितला. प्राध्यापक आता टक्क जागे होते.

ताईने माझ्याशी बोलणं टाकलं. भावोजी सगळ्यांना सांगत सुटले, घरच्याच माणसाने केसाने गळा कापला. म्हणू देत. आठवडाभर मी ऑफिसात ताठ मानेने वावरले. आपण काहीतरी मोठं केलं, असं मला वाटत होतं.

शिंपीकाका निकालाची प्रत घ्यायला आले. टेबलाशी उभं राहून त्यांनी ती दोनदा वाचली, पान उलटून मागेही पाहिलं. मागे कोरं होतं.

"परवाना गेला त्यांचा. बरं झालं," ते म्हणाले. "पण बाई, जिना कधी मोठा करून देणार?"

मला तोंड वर करवेना. लाजेने मेल्यासारखं झालं. तरी मी उत्तर दिलं, अगदी परिषदेच्या भाषेत.

"काका, जिना आमच्या अखत्यारीत येत नाही."