बांधलेली बंदूक

बंदूक मी निवडली होती आणि बरोबर निवडली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण तीन पावसाळे मी याच्या उलट समजत होते. आणि मला तसं समजू देणारी माणसं परकी नव्हती.

आमचं कुळागर पेडण्यात, डोंगराच्या पायथ्याला. पोफळी, थोडे माड, खाली सुरण, आणि वरच्या अंगाला कणगां, म्हणजे पावसात वाढणारे गोड कंद. रानडुकरांना कणगां माणसांपेक्षा जास्त आवडतात. एका पहाटेत अख्खा वाफा नांगरून टाकतात मेली. पूर्वी फटाके लावायचो, ते आषाढात भिजून जायचे. आता डोक्यावरून विमानं जातात, त्या आवाजालाही डुकरं सरावली. राहिली ती बंदूक. बाबांच्या नावावर शेतराखणीचा परवाना होता, जुनी ठासणीची बंदूक होती: तोंडाकडून दारू भरायची, गजाने ठासायची आणि मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, बसवायची. मी धारगळच्या शाळेत शिकवते. शाळा सुटली की कुळागरात. लग्न केलं नाही, त्यामुळे ‘बाईमाणसाला कुळागर झेपणार नाही’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कोणी तोंड उघडलं तरी मला राग येतो.

बाबांचे गुडघे गेले तेव्हा परवाना वारसाच्या नावावर करायची वेळ आली. चवथीला वास्कोहून भाऊ आला होता, तो बंदरात नोकरीला. सगळे जेवायला बसलेले. बाबा म्हणाले, “बंदूक बायची. झिलाची नाय.” बाय म्हणजे मी, झील म्हणजे तो. भावाने मान खाली घालून पातोळी खाल्ली. मी आत जाऊन नेवऱ्या तळत उभी राहिले आणि तळता तळता गुणगुणत होते. एवढा मान मला बाबांनी आयुष्यात दिला नव्हता.

जुन्या बंदुकीच्या नळीला आतून गंजाचे खड्डे पडले होते, म्हणून नवी घ्यायची ठरली. मी या गोष्टीत जीव ओतला. शिकाऱ्यांना विचारलं, लोहाराला विचारलं, स्वतः डोकं चालवलं. आमच्या रानात बंदुकीचा वैरी डुक्कर नव्हे, पाणी. वरून पाऊस, खालून ओल, मध्ये धुकं. दारू ओल शोषते, लाकडी गज फुगून खाचेत अडकून बसतो, लांब नळी करवंदीच्या जाळीत गुंतते. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे केप बसते ती लहानशी पोकळ बोंडी. तिला आमचे लोक निपल म्हणतात. केप फुटली की ठिणगी तिच्यातून आत दारूपर्यंत जाते. तिथे थेंबभर पाणी गेलं की संपलं. नुसतं ‘टक’ होतं.

म्हापशाच्या दुकानात माझ्याबरोबर काका आले. काका म्हणजे नात्याने कोणी नाही. बाबांचे लहानपणचे मित्र, दोघांनी मिळून रान तुडवलेलं. माझ्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांनीच बांधली म्हणे. दुकानदाराने तीन बंदुका मेजावर ठेवल्या. एक लांब, पितळी फुलं जडवलेली. काकांचा हात तिच्यावरून निघेना. एक दोन नळ्यांची, ती उचलतानाच माझा खांदा बोलला. तिसरी आखूड, काळी, दिसायला अगदीच कळाहीन. पण तिचा गज लोखंडी होता, निपल आणि दारूची जागा यात वळण नव्हतं, आणि घोड्याचं तोंड पोकळ होतं, पडलं की झाकणासारखं केपेवर बसायचं. मी म्हटलं, हीच. काका म्हणाले, ही काय बंदूक, मुसळ आहे. मी त्यांना एकेक मुद्दा समजावला. दुकानदारही ऐकत राहिला. शेवटी काका हसले आणि म्हणाले, “बाय, तू बापाशीपेक्षा हुशार.” ते वाक्य मी कितीतरी महिने मनात घोळवलं. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मे महिन्यात अंगणात तिचा बार काढला. असा वाजला की शेजारणीच्या हातातलं सूप पडलं. मग मृगाच्या आधी काका आले आणि म्हणाले, पावसाची तयारी मी करून देतो. निपल काढून साफ करायची, तिच्या आट्यांना मेण लावायचं, नळीला तेल द्यायचं. दोन दिवस बंदूक त्यांच्या घरी राहिली. निपल काढायची किल्ली त्यांच्याकडेच असायची. आटे नाजूक असतात, तू हात लावू नको, मोडशील, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी नाही लावला हात. एरवी कोणाचं ऐकत नाही, इथे ऐकलं.

आषाढ लागला आणि डुकरं उतरली. मला जीव घ्यायचा नव्हता, छर्रे मी कधी भरलेच नाहीत. नुसती दारू आणि वर काथ्याचा बोळा. एक मोठा आवाज हवा होता, बस्स. केपेच्या कडेला मी मेण आणि भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, लावायची, घोड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायची, बंदूक लेकरासारखी रेनकोटात घेऊन पहाटे वर जायची. चाप ओढला की टक. पुन्हा केप, पुन्हा टक. डुकरं मान वर करून बघायची आणि परत खायला लागायची. काय सांगू, रडूच यायचं. घरी आले की बाबा दारातच विचारायचे, वाजली? मी मान हलवायची. “ओल्यात असांच होता, बाय,” ते म्हणायचे, आणि मला टॉवेल द्यायचे.

अडकलेली दारू काका येऊन काढून द्यायचे. तळहातावर काळा चिखल दाखवायचे, ही बघ ओल. काढण्याआधी धोका नको म्हणून नळीत पाणी ओततात, हे मला खूप नंतर कळलं. मग दसरा यायचा. शस्त्रपूजेसाठी काका बंदूक नेऊन धुवून आणायचे, आणि देवासमोरचा बार कसा खणखणीत वाजायचा. दुसऱ्या वर्षीही तेच. पावसात मुकी, दसऱ्याला तोंडाळ. यातून कोणताही शहाणा माणूस काढेल तोच अर्थ मी काढला, की माझी निवड चुकली. ज्या एका कामासाठी निवडली तेवढंच तिला जमत नव्हतं. लांब पितळी घेतली असती तर, असं मी काकांना एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, जाऊ दे गे, चुकतं माणूस. मी! मी त्यांची माफी मागितली होती.

त्या हिवाळ्यात बाबा गेले. तिसऱ्या पावसात एक मादी पिल्लांसह माझ्यापासून चार हातांवर निघाली. मी आकाशाकडे नळी करून चाप ओढला. टक. ती धावून आली, मी मागच्या मागे पाटात कोसळले, कोपर फुटलं. ती माझ्या बाजूने निघून गेली हे माझं नशीब. मग सगळी वाडी बोलायला लागली, की बंदूक बांधलीय. आमच्याकडे हे मानतात: कोणी मंत्र घालून, उतारा करून बंदूक बांधू शकतो, मग ती कितीही चांगली असो, सुटत नाही. मी मुलांना विज्ञान शिकवते. आधी हसले. पण सगळे उपाय संपल्यावर हसू टिकत नाही. मी काकांकडे गेले. ते म्हणाले, देवचाराकडे जाऊया.

कुळागराच्या वरच्या टोकाला देवचाराचा, म्हणजे आमच्या राखणदाराचा, दगड आहे. दुपारची वेळ, पाऊस थांबलेला. मी नारळ, रोट, विडी ठेवली. काकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवचारा, ह्या बायची बंदूक कोणी जाणतां-नेणतां बांधली असात तर ती सोडव. आणि बांधणाऱ्याक माफ कर.”

“व्हय महाराजा,” मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

यंदा वैशाखात काका न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. बंदुकीची पावसाची तयारी करायला कोणी नव्हतं. मीच केली. किल्ली नव्हती, म्हणून निपलला हात लावला नाही, दसऱ्यापासून होती तशीच राहू दिली. बाकी सगळं नेहमीचं, मेण, भिरंडेल, ट्यूब. आषाढातली पहाट, पाऊस असा की दहा हातांवरची पोफळ दिसत नव्हती. मी नळी वर केली आणि चाप ओढला.

धडाम!

धूर हलेना, ओल्या हवेत तिथेच लोंबकळत राहिला. त्या धुरातून डुकरं पळताना ऐकू आली. मी एकटी उभी राहून हसत सुटले. बंदूक घरी टाकली आणि चिखलाने माखलेली तशीच काकांच्या घरी धावले. त्यांचं गाऱ्हाणं फळलं, हे त्यांना पहिल्यांदा सांगायचं होतं.

काका खाटेवर होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मग काकीला कपाटातला केपांचा डबा आणायला सांगितला. कापसात गुंडाळलेली एक निपल काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

“फुंक मार,” ते म्हणाले.

मी फुंकलं. हवा जाईना. आत शिसं ओतून भोक बुजवलेलं होतं.

मृगाला ही बसवायची, दसऱ्याला खरी. दर वर्षी, न चुकता. बाबांनी सांगितलं होतं. बाबांनी! तरुणपणी एकदा पावसात आई इरलं पांघरून शेतात वाकली होती, बाबांना डुक्कर वाटलं, बार तिच्या डोक्यावरून हातभर अंतराने गेला. तिला वाटलं डुकरं हाकलतायत, आणि खरं काय ते त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. पावसात या घरची बंदूक पुन्हा वाजता कामा नये, पण परवानाही सोडायचा नाही, कारण एकदा गेला की परत मिळत नाही. काकांनी मित्राच्या गळ्याची शपथ घेतली होती. तो मेल्यावर ती मोडता येईना, म्हणून देवचाराला सांगितलं, म्हणाले.

काका, ती मादी माझ्यावर धावून आली होती, मी म्हटलं. मी मेले असते. मला एकदा सांगितलं असतं तर मी नळी कधी खाली केली नसती, तशीही करत नव्हते. ते डोळे पुसत राहिले. मला दया आली नाही. अजून येत नाही. केसाने गळा कापला माझा दोघांनी.

जाता जाता दारात थांबून मी विचारलं की एवढंच होतं तर मग बंदूक मला का दिली, भावाला का नाही.

काका नाही बोलले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना आता खोटं बोलायचं नव्हतं.

“तुजो बापूस म्हणालो, झिलाक दिली तर तो चार दिवसांत खोलून बघतलो. बाय विश्वास ठेवतली.”

म्हापशाहून मी किल्ली आणली. आता चाप ओढायच्या आधी दर खेपेला निपल काढते, उजेडाला धरते, आरपार बघते. घरात मी एकटीच असते, बंदुकीला दुसरं कोणी हात लावत नाही. तरी बघते.